वेळेचे दान : संगणक कंपन्यांतील कर्मचारी आणि आपली वस्ती

(मंडळाच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने या व्याख्यानमालेत आम्हांस बोलावले याबद्दल प्रथम मंडळाचे आभार मानतो. या व्यासपीठावरून आजवर विद्वान वक्त्यांनी धम्माच्या गहन विषयांवर विवेचन केले आहे. आम्ही विद्वान नाही. संगणक कंपन्यांत नोकरी करणारे आम्ही काही मित्र-मैत्रिणी आहोत. आमच्यापैकी बहुतेकांचे शिक्षण शिष्यवृत्तीवर आणि आई-वडिलांच्या कष्टावर झाले. गेली काही वर्षे आम्ही या विहाराच्या अभ्यासिकेत शनिवारी संध्याकाळी मुलांचा वर्ग घेतो. आज आमच्यातर्फे एकजण बोलत असला तरी विचार सर्वांचे आहेत.

आजचा विषय आमच्या नोकरीतून आलेला आहे. कंपन्यांचे कर्मचारी समाजकार्यासाठी वस्तीत येतात हे आपण सर्वांनी पाहिले आहे. एक बस येते. एकाच रंगाचे टीशर्ट घातलेली तरुण मुले-मुली उतरतात. कोणी भिंत रंगवतात, कोणी झाडे लावतात, कोणी वह्या वाटतात. दुपारी फोटो निघतो आणि बस परत जाते. या सेवेतून वस्तीला काय मिळते, येणाऱ्याला काय मिळते आणि ती दान या नावाला केव्हा पात्र होते, याचा विचार आपण करू.

आधी या प्रथेची थोडी माहिती सांगितली पाहिजे. अमेरिकेत १९९९ साली सुरू झालेल्या सेल्सफोर्स या कंपनीने आपल्या भांडवलाचा, उत्पादनाचा आणि कर्मचाऱ्यांच्या वेळेचा प्रत्येकी एक टक्का समाजासाठी ठेवण्याचे धोरण स्वीकारले. तेथील कर्मचाऱ्याला समाजकार्यासाठी वर्षाला सात दिवस भरपगारी मिळतात. आपल्या देशात इन्फोसिसने १९९६ सालीच समाजकार्यासाठी स्वतंत्र प्रतिष्ठान काढले. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने फकीरचंद कोहली यांच्या प्रेरणेने २००० साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशात संगणकाच्या साहाय्याने प्रौढ साक्षरतेचा प्रयोग सुरू केला. त्यात मुळाक्षरे घोटून न घेता, शब्दांवरून अक्षरांकडे जाण्याची पद्धत वापरली आणि सुमारे चाळीस तासांत निरक्षर माणसाला साधे वाचता यावे असे उद्दिष्ट ठेवले. हे उदाहरण आम्हांस महत्त्वाचे वाटते, कारण कंपनीने जे तिला उत्तम येत होते तेच दिले.

पुढे सरकारने कायदा केला. कंपनी कायदा २०१३ चे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये अथवा त्याहून अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावयाची आहे. यालाच सगळे सीएसआर म्हणतात. कंपनी जेथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही कायदा सांगतो. कायद्याला जोडलेल्या सातव्या परिशिष्टात कोणती कामे चालतील त्याची यादी आहे. शिक्षण, आरोग्य, स्त्रियांसाठी वसतिगृहे, सार्वजनिक ग्रंथालये, झोपडपट्टी विकास यांबरोबरच सामाजिक व आर्थिकदृष्ट्या मागास घटकांना सोसावी लागणारी विषमता कमी करण्याचे उपाय, असा स्पष्ट उल्लेख त्या यादीत आहे. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी तो लक्षात ठेवावा.

या कायद्याच्या अंमलबजावणीतील एक गोष्ट मात्र विशेष आहे. कर्मचाऱ्यांनी समाजकार्यात भाग घ्यावा, असे सरकारने आपल्या स्पष्टीकरणात म्हटले आहे. परंतु त्यांनी दिलेल्या वेळेची किंमत रुपयांत मांडून ती या दोन टक्क्यांत धरता येत नाही. म्हणजे पैसा कायद्याने वसूल होतो, पण माणसाचा वेळ त्या हिशेबाच्या बाहेर राहतो. तो स्वखुशीने द्यावा लागतो. म्हणूनच या वेळेला आम्ही दान म्हणतो आणि धम्माच्या कसोटीवर तपासून पाहतो.

ही कसोटी दुसऱ्यांना लावण्याआधी आमच्याच घरातील एक गोष्ट सांगतो. आमच्यापैकी एकजण नोकरीला लागून वर्षही झाले नव्हते. कंपनीची बस समाजसेवेसाठी निघाली आणि ज्या वस्तीत थांबली ती त्याच्या आत्याची वस्ती होती. अंगात कंपनीचा टीशर्ट, हातात रंगाचा डबा. अंगणवाडीची भिंत रंगवायची होती, आणि आत्याचे घर त्याच गल्लीत, चार दारे सोडून. आत्याने ओळखले. ती सर्वांसाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली. त्याने तिच्या हातून पाणी घेतले, इतरांसारखे तिला "थँक यू, मावशी" म्हटले आणि ही माझी आत्या आहे हे सहकाऱ्यांना सांगितले नाही. संध्याकाळी तो एकटा परत तिच्या घरी गेला. आत्या रागावली नाही. ती एवढेच म्हणाली, "तू कामावर होतास, म्हणून हाक मारली नाही रे."

नाव सांगण्याचे कारण नाही. आमच्यापैकी बहुतेकांचे थोड्याफार फरकाने तसेच झाले आहे. आमच्या कार्यालयात आडनावावरून अंदाज बांधणारे लोक आहेत, जेवणाच्या टेबलावर आरक्षणावर शेरे मारणारे लोक आहेत. खाजगी कंपन्यांत आरक्षण नाही, तरीही ते शेरे ऐकावे लागतात. म्हणून माणूस गप्प राहायला शिकतो. पण त्या गप्प राहण्याची किंमत आत्याने मोजली, हे आम्ही विसरू शकलो नाही. दुसऱ्यांच्या वस्तीत आम्ही सेवक म्हणून मिरवत होतो आणि स्वतःच्या वस्तीत पाहुणे झालो होतो. आमचा शनिवारचा वर्ग त्या दिवसाच्या अस्वस्थतेतून सुरू झाला.

मित्रहो, नोकरी करून समाजाला वेळ देणे ही गोष्ट आपल्याला कंपन्यांनी शिकविली असे कोणी समजू नये. परमपूज्य बाबासाहेबांनी १९२४ साली मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, १९२५ साली सोलापुरात वसतिगृह निघाले. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत महाविद्यालय, ही कामे पुढे झाली. या सर्व काळात चळवळीचा भार गिरण्यांत, रेल्वेत आणि गोदीत राबणाऱ्या माणसांनी उचलला. गिरण्यांच्या विणकाम खात्यात, जेथे पगार जास्त होता, तेथे आपल्या माणसांना शिरकाव नव्हता. तरी त्या कमी पगारातून वर्गणी निघत होती आणि पाळी संपल्यावर सभेची सतरंजी अंथरली जात होती. पुढे १९७८ साली स्थापन झालेल्या बामसेफने शिकलेल्या नोकरदारांपुढे हाच विचार ठेवला, की आपला पैसा, वेळ आणि बुद्धी यांचा काही भाग समाजाला परत द्यावा. आणि १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत शिकलेल्या वर्गाबद्दल बाबासाहेबांनी जी खंत व्यक्त केली, ती तर आपल्याला सर्वांना माहीत आहे. ती ऐकताना आम्ही खाली मान घालतो.

याहून मागे गेलो तर जीवक भेटतो. जीवक तक्षशिलेला सात वर्षे वैद्यक शिकला आणि मगधाच्या बिंबिसार राजाचा वैद्य झाला. विनयपिटकात असे येते, की राजानेच त्याला आपल्याबरोबर भगवान बुद्धांची आणि भिक्षुसंघाची शुश्रूषा करण्यास सांगितले. आजच्या भाषेत बोलायचे तर मालकाने नोकराला सेवेसाठी मोकळीक दिली. जीवकाने संघाला आपली वैद्यकी दिली. त्याला विहार झाडायला लावून राजा समाधान मानून राहिला नाही. आम्ही संगणक अभियंते मात्र वर्षानुवर्षे भिंती रंगवीत होतो, आणि त्याच भिंतीच्या आड एखादी मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरावा हे न कळून रडत होती.

आता धम्माची कसोटी पाहू. अंगुत्तर निकायात सत्पुरुषाच्या दानाची पाच लक्षणे सांगितली आहेत. सत्पुरुष श्रद्धेने देतो, आदराने देतो, योग्य वेळी देतो, मोकळ्या मनाने देतो, आणि स्वतःला किंवा दुसऱ्याला न दुखवता देतो. ही पाचही लक्षणे वेळेच्या दानाला तंतोतंत लागू पडतात.

पहिले, श्रद्धेने. ज्या मुलाला आपण शिकवतो त्याला ते येईल, असा विश्वास शिकवणाऱ्याला हवा. "या मुलांना कोडिंग काय कळणार, यांना चित्रे रंगवू द्या," असे एकदा एका पाहुण्या गटातील माणूस आमच्यासमोर म्हणाला. अशा मनाने दिलेला वेळ मुलांना न बोलताही समजतो.

दुसरे, आदराने. सिगालोवाद सुत्तात मालक आणि सेवक यांची परस्परांविषयीची कर्तव्ये सांगितली आहेत. सेवकाच्या पाच कर्तव्यांत मालकाची कीर्ती पसरविणे हे शेवटचे आहे. आज कित्येक ठिकाणी ते पहिले झाले आहे. मुलांच्या हातात वही देताना ती कॅमेऱ्याकडे धरावी लागते. मुलाला विचारून, त्याच्या आईला विचारून फोटो काढणारा गट आम्ही क्वचितच पाहिला. आमच्या वर्गात आम्ही साधा नियम केला आहे : मुलांचे फोटो काढायचे नाहीत. त्यामुळे एक-दोन गट पुन्हा आले नाहीत. वर्गाचे काही बिघडले नाही.

तिसरे, योग्य वेळी. कंपन्यांचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये वस्त्यांत बसगाड्यांची गर्दी होते. त्याच दिवसांत दहावी-बारावीच्या परीक्षा असतात आणि मुलांना शांतता हवी असते. ज्या जून-जुलैमध्ये प्रवेशाचे अर्ज, दाखले, शिष्यवृत्ती यांसाठी मदतीची खरी गरज असते, तेव्हा कोणी फिरकत नाही. औषध चांगले असले तरी ताप उतरल्यावर दिलेले काय कामाचे?

चौथे, मोकळ्या मनाने. एका कंपनीने एका अभ्यासिकेला दहा जुने संगणक दिले. हार घालून समारंभ झाला. पण खोलीतील वायरिंग जुने होते, संगणक दुरुस्त कोण करणार हे ठरले नव्हते आणि पहिल्या पावसाळ्यानंतर त्यांपैकी दोनच चालू राहिले. उरलेल्यांवर चादर टाकून ठेवली आहे. कार्यालयात अडगळ झाली ती वस्तीत आणून ठेवली, आणि नोंद मात्र दानाची झाली. त्यात दोष एकट्या कंपनीचा नाही. अभ्यासिकेच्या लोकांनीही आधी वायरमन आणून दाखवला नाही. समोरून आले ते घेतले.

पाचवे, स्वतःला आणि दुसऱ्याला न दुखवता. त्याच सिगालोवाद सुत्तात मालकाने सेवकाला झेपेल तेवढे काम द्यावे, आजारपणात त्याची काळजी घ्यावी आणि वेळेवर सुट्टी द्यावी असे सांगितले आहे. रात्री उशिरापर्यंत राबवून घ्यायचे आणि शनिवारी सक्तीने समाजसेवेला पाठवायचे, ही सेवा होत नाही. आणि जो गट तीन आठवडे येतो, मुलांना लळा लावतो आणि काही न सांगता बंद होतो, तो मुलांना दुखावतो. आमच्या वर्गातील एका मुलाने नव्या पाहुण्याला पहिलाच प्रश्न विचारला होता, "दादा, तुम्ही किती वेळा येणार?" तो उद्धट नव्हता. त्याला अनुभव होता.

या कसोटीतून आम्ही आमच्यापुरते तीन निष्कर्ष काढले आणि ते पाळण्याचा प्रयत्न करतो. जे येते तेच द्यायचे. थोडे द्यायचे पण ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी द्यायचे. आणि थांबायचे असेल तर मुलांना सांगून, दुसरा माणूस उभा करून थांबायचे.

जे येते ते म्हणजे काय, हे एका उदाहरणाने सांगतो. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. आज महाराष्ट्रात तिचा अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरावा लागतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, आधारशी जोडलेले बँक खाते, व्यावसायिक अभ्यासक्रम असेल तर जात वैधता प्रमाणपत्र, असे सर्व लागते. आधारवर नाव एक, गुणपत्रिकेवर दुसरे आणि बँकेत तिसरे, असे घरोघरी आढळते. अर्ज परत येतो तेव्हा तो का परत आला हे मुलाला समजत नाही. कधी तो महाविद्यालयाच्या पातळीवरच पडून राहतो आणि मुलगा समजतो की आपले काम झाले. सायबर कॅफेवाला पैसे घेऊन घाईने भरतो. ज्यांचा दिवसच संगणकाच्या पडद्यासमोर चुका शोधण्यात जातो, त्यांच्यासाठी हे काम जड नाही. एका विद्यार्थ्याबरोबर एक तास शांतपणे बसले, की बहुतेक चुका टळतात. त्या एका तासावर एखाद्याचे पुढचे वर्ष अवलंबून असते.

आता साधा हिशेब करा. वर्षाला अडीचशे दिवस, रोज आठ तास, म्हणजे दोन हजार तास काम होते. त्याचा एक टक्का म्हणजे वीस तास. दोन-दोन तासांचे दहा शनिवार. एवढे देण्यास ऐपत लागत नाही. आपल्या वस्त्यांतून कंपन्यांत गेलेल्या मुला-मुलींपैकी दहाजणांनी एवढे ठरवले, तर एका अभ्यासिकेला वर्षाचे दोनशे तास मिळतात.

२०२० साली करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाईलवर आले, तेव्हा घरात एकच मोबाईल आणि तो वडिलांबरोबर कामावर, अशी स्थिती होती. त्या वेळी सहकाऱ्यांकडून जुने फोन गोळा करून, ते दुरुस्त करून मुलांना देणे हे काम आम्ही केले. त्या सहकाऱ्यांत सर्व जातिधर्मांचे लोक होते. काहीजण आजही शनिवारी येतात. त्यांना आम्ही आता आमच्या घरी जेवायला नेतो, आणि ही माझी आई, ही माझी आत्या, अशी ओळख करून देतो. हा बदल आमच्यात झाला, तो या कामामुळेच.

आता मंडळाला दोन शब्द नम्रपणे सांगतो. कंपनीचा माणूस येऊन "तुम्हाला काय हवे?" असे विचारतो, तेव्हा आपण खुर्च्या, रंग, मंडप, ट्रॉफ्या सांगतो. तसे करू नये. वर्षाच्या सुरुवातीलाच वस्तीच्या गरजांची यादी करून ठेवावी : कोणत्या महिन्यात कोणते काम, किती माणसे, कोणत्या विषयाची. निधी हवा असेल तर कागदपत्रे नीट हवीत. प्राप्तिकर कायद्याखालील बारा-अ आणि ऐंशी-जी या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या नोंदण्या आणि किमान तीन वर्षांच्या कामाची नोंद संस्थेकडे असावी लागते, आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा अर्ज भरून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. हिशेब दरवर्षी तपासून घेतलेले असावेत. हे नसल्यामुळे चांगली मंडळे मागे राहतात आणि ज्यांचे दप्तर चांगले आहे, पण वस्तीशी नाते नाही, त्या संस्थांना निधी जातो. दप्तर सांभाळण्याचे हे कामही आमच्यासारख्यांकडून करून घ्या. आणि जो गट फक्त फोटोसाठी येऊ पाहतो, त्याला नम्रपणे नाही म्हणा. नाही म्हणण्याचा अधिकार घेणाऱ्यालाही असतो.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटचे तुमच्यासाठी. तुमच्यापैकी काहीजण उद्या आमच्या शेजारच्या टेबलावर बसतील. तेथे तुम्हालाही कंपनी टीशर्ट देईल आणि बसमध्ये बसवील. जरूर जा. जी वस्ती समोर येईल तेथे मनापासून काम करा, ती कोणाचीही असो. पण बस जेथे थांबेल तेथे एखादी आत्या पाण्याचा तांब्या घेऊन येईल, तेव्हा तिला तिच्या नात्याने हाक मारा. सुरुवातीला जीभ अडखळेल. आमचीही अडखळली होती. एकदा हाक मारली, की पुढचे काम सोपे जाते.

पुढील शनिवारी सायंकाळी सहा वाजता वर्ग नेहमीप्रमाणे भरेल. ज्यांना शिकवायला यायचे आहे त्यांनी यावे. किती शनिवार येणार, तेवढे मात्र मुलांना पहिल्याच दिवशी सांगावे.



नमो बुद्धाय! जयभीम!